विषय: किनवटला जाताना चिमीची टूथपेस्ट न्यावी का?

प्रेषक: चिमीची आई (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

आमची चिमी चौदा महिन्यांची झाली. वर चार, खाली चार असे आठ दात आलेत. दिवाळीला तीन आठवडे सासरी, किनवट तालुक्यात चाललोय. तिला घेऊन पहिल्यांदाच.

इथल्या डॉक्टरांनी पहिला दात दिसला तेव्हाच सांगितलं होतं की फ्लोराइडची पेस्ट लावा, पण तांदळाच्या दाण्याएवढीच. परवा फोनवर हे सासूबाईंना सांगितलं तर त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "माय, आमच्याकडं त्याच फ्लोराइडनं माणसांची हाडं आखडलीत, अन् तू ते लेकराच्या तोंडात घालतीस?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यात युटा आणि फ्लोरिडा राज्यांनी २०२५ मध्ये दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालणं बंद केलं, त्यामुळे इथल्या आयांच्या ग्रुपवरही रोज हीच चर्चा. कुणाला नीट माहिती असेल तर कृपा करून लिहा. पेस्ट सोबत नेऊ की इथेच ठेवू?

---

प्रेषक: डॅलसचा दादा

वहिनी, आम्ही लेकाला बिनफ्लोराइडचीच पेस्ट वापरतो. नळीच्या तळाची पट्टी बघून घ्या. हिरवी असली तर नैसर्गिक, काळी असली तर सगळं रसायन. दुधाचेच तर दात, पडणारच आहेत. उगाच विषाची परीक्षा कशाला?

---

प्रेषक: दातांची डॉक्टर ताई (ओहायो, माहेर नांदेड)

चिमीची आई,

तुमच्या सासूबाईंची भीती खोटी नाही, हे सगळ्यात आधी. मी नांदेडला दंतवैद्यक शिकत असताना आम्ही शिबिरांसाठी किनवटकडं जायचो. शाळेच्या व्हरांड्यात पोरं रांगेनं बसायची. टॉर्च लावून ओठ वर केला की समोरचे दोन्ही दात जुळ्यांसारखे एकाच नमुन्याचे दिसायचे. खडूसारखे पांढरे आडवे पट्टे, आणि मोठ्या पोरांच्या दातांवर त्यातच तपकिरी रंग भरलेला. एका मुलीनं राखुंडीनं घासून घासून हिरड्या सोलून घेतल्या होत्या, डाग जावा म्हणून. तो जात नाही. तो वरून बसलेला नसतो, दात हिरडीच्या आत घडत असतानाच जास्त फ्लोराइडमुळे तसा घडलेला असतो.

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर आहे. नांदेडच्या पूर्वेला, किनवटच्या अंगाला मात्र खाली ग्रॅनाइट लागतो, आणि त्या खडकातलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. अमेरिकेत नळाच्या पाण्यासाठी २०१५ पासून ०.७ चा सल्ला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामचा अहवाल आला आणि सगळीकडे घबराट झाली. त्यात मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसला तो १.५ च्या वरच्या पाण्याचा. ०.७ बद्दल काही ठरवण्याएवढी माहिती नाही, असं त्याच अहवालात लिहिलंय. म्हणजे तो अहवाल न्यू जर्सीपेक्षा किनवटच्या माणसांनी वाचायला हवा.

आता पेस्टचा हिशोब मांडू. नळीवर १००० पीपीएम लिहिलेलं असलं तर एक ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड. तांदळाचा दाणा म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम पेस्ट, त्यात ०.१ मिलिग्रॅम. दिवसातून दोनदा लावली आणि चिमीनं सगळी गिळली, तरी ०.२. आता समजा बोअरच्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम निघालं. पिण्याचं, पेजेचं, वरणाचं मिळून एक लिटर पाणी तिच्या पोटात गेलं की ३ मिलिग्रॅम. दोन वेळच्या पेस्टच्या पंधरा पट, आणि तेही रोज. काळजी करायची ती पाण्याची करा.

पेस्ट न्या. तीन वर्षांपर्यंत तांदळाचा दाणा, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाणा. हे फ्लोराइड गिळण्यासाठी नसतं, दाताच्या पृष्ठभागावर काम करतं. गोड खाल्ल्यावर जंतूंच्या आम्लामुळे दातातून निघून गेलेली खनिजं परत बसायला मदत करतं. भारतात घ्यायची झाली तर नळीवरचा आकडा वाचा. तिथं १००० पीपीएमची कमाल मर्यादा आहे आणि आकडा छापणं बंधनकारक आहे. मुलांच्या काही पेस्टमध्ये याच्या निम्मं असतं, काहींत अजिबात नसतं. इकडे उलट आहे. अमेरिकेत स्ट्रॉबेरीच्या चवीची, कार्टूनवाली पेस्टही बहुधा मोठ्यांच्या पेस्टएवढीच असते. सौम्य समजून कुणी ब्रशभर लांबलचक पट्टी काढू नका. जाहिरातीत दाखवतात ती लहान लेकरांसाठी नव्हेच.

दादा, ती पट्टी कारखान्यातल्या यंत्रासाठी असते. नळी कुठे कापायची आणि चिकटवायची, ते यंत्राला त्या खुणेवरून कळतं. आत काय भरलंय याच्याशी रंगाचा संबंध नाही. आणि "पडणारच आहेत" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, ते ऐकून पोटात तुटतं. दोन वर्षांचं लेकरू येतं, वरचे समोरचे चार दात हिरडीपर्यंत किडलेले. खालचे शाबूत, कारण जीभ आणि लाळ त्यांना झाकतात. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय असते. मग भूल देऊन दात काढावे लागतात. दुधाच्या दाढा तर दहा-अकरा वर्षांपर्यंत लागतात. आज रात्रीच लेकाचा ओठ वर करून बघा. हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते, लगेच दाखवून घ्या.

पाण्याबद्दल एक राहिलं. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. साध्या कँडल फिल्टरनंही जात नाही. आरओनं बहुतेक निघून जातं. आणि चिमी अंगावर पीत असेल तर पाजत राहा. आईच्या पोटात असं पाणी गेलं तरी दुधात फ्लोराइड फार थोडं उतरतं.

---

प्रेषक: ह्यूस्टनचा बाबा

ताई, आमच्या दीड वर्षाच्या पोरानं काल पेस्टची नळी चोखली. चार बोटं भरून खाल्ली असेल. वजन दहा किलो. आता खेळतोय, पण बायको रात्रभर झोपली नाही.

---

प्रेषक: दातांची डॉक्टर ताई

बाबा, वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम फ्लोराइड ही धोक्याची खूण धरतात. दहा किलोच्या लेकराला ५० मिलिग्रॅम, म्हणजे १००० पीपीएमच्या १०० ग्रॅमच्या नळीतली अर्धी पेस्ट. तेवढी गेली असती तर थेट इमर्जन्सीत जायचं होतं. थोडी गेली तर पोट दुखतं, एखादी उलटी होते. दूध पाजायचं, त्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला धरून ठेवतं. तरी १-८००-२२२-१२२२ ला आत्ता फोन करून सांगा, हा विषबाधेसाठीचा नंबर दिवसरात्र चालू असतो. वहिनींना झोपू द्या. नळी वरच्या फळीवर ठेवा.

---

प्रेषक: बर्मिंगहॅमचे काका

मी किनवटच्याच भागातला. सहसा लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या गावात बोअरवर हापसा बसला. त्याआधी आडाचं पाणी. हापसा आला तेव्हा थोरले बंधू दहा-अकरा वर्षांचे, मी मांडीवरचा. दादांचे समोरचे दात तोवर घडून झाले होते, ते आजही पांढरेशुभ्र. माझ्या दातांवर तपकिरी पट्टे. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत मी तोंड उघडून हसलेलो नाही. गावात दादांना लोक म्हणायचे, याचे दात बघा, अन् याचे बघा.

मी अठराव्या वर्षी गाव सोडलं. दादा शेतीवर राहिले, त्याच हापशाचं पाणी पीत राहिले. आज त्यांना मान वळवून मागं बघता येत नाही. हाक मारली तर अख्खं शरीर फिरवतात. पाया पडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला वाकता येत नाही, म्हणून पोरं आता त्यांच्यापुढं उभ्यानंच हात जोडतात.

दात माझे गेले आणि कणा दादांचा. पुढं हे पाणी पिऊ नका म्हणून त्या हापशाला लाल रंग दिला, पण दुसरं पाणी दीड किलोमीटरवर होतं. वहिनी, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. अन् पाणी तपासल्याशिवाय लेकराला एक घोट देऊ नका.

---

प्रेषक: चिमीची आई (सध्या किनवट तालुका)

काका, ताई, तुमच्या मेल सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवल्या. दादांच्या मानेचं वाचलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या माहेरी एक मामा तसेच होते.

इथं पाणी तपासायचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका आहेत. त्यातली एक सासूबाईंच्या बचत गटातली निघाली. काल सकाळी ती पेटी घेऊन ओसरीवर बसली. दोन शिश्यांत पाणी भरलं, एकीत आमच्या बोअरचं, दुसरीत मारुतीच्या देवळामागच्या आडाचं. दोन्हींत औषध टाकलं. आडाच्या पाण्याचा रंग गुलाबीच राहिला. बोअरचं बघता बघता पिवळं पडलं. सासूबाई कितीतरी वेळ ती शिशी उजेडाकडं धरून बघत होत्या. चाळीस वर्षं ह्याच पाण्यात वरण शिजवलंय मी, एवढंच म्हणाल्या. पक्का आकडा कळावा म्हणून एक बाटली प्रयोगशाळेत पाठवलीय.

चिमीसाठी आता आडाचं पाणी गाळून, जंतूंसाठी उकळून वापरतोय. धुणीभांडी बोअरवर. आडावर चकरा वाढल्यात, पण दीर सायकलला कॅन बांधून आणतात.

आणि पेस्ट? सासूबाईंनी डब्यातून तांदळाचा एक दाणा काढून ब्रशशेजारी ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता दाखव किती." मी दाखवली. रात्री त्यांनीच चिमीला मांडीवर आडवं घेतलं, ओठ वर केला आणि आठही दात घासले. आज मोठ्या जाऊबाई शेजारच्या वाडीहून आल्या होत्या. त्यांचा धाकटा दोन वर्षांचा आहे आणि त्यांच्याकडंही बोअरच आहे. जाताना सासूबाईंनी त्यांच्या पिशवीत धुतलेली रिकामी बाटली टाकली. उद्या ती भरून येईल.