फ्यूम हूडमुळे एसीचा लोड वाढतोय, काय करता येईल?

पुणेकर_केमिस्ट: कॉलेजच्या नवीन सायन्स बिल्डिंगचं डिझाईन चाललंय, केमिस्ट्री लॅबला १२ फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा ओढून बाहेर टाकणारी, पुढे वर-खाली सरकणारी काच असलेली कपाटं), कन्सल्टंट म्हणतो हवा परत फिरवता येत नाही, सगळी बाहेरचीच घ्यायची, एसीचा लोड बघून प्रिन्सिपॉल सर गारच पडले. उपाय?

डक्टवाला: बरोबरच बोलतोय तो. दीड मीटरचा हूड, काच ४५ सेंमी वर, तोंडाशी वेग सेकंदाला ०.५ मीटर धरा, म्हणजे एका हूडमागे ताशी १,२०० घनमीटर थंड हवा सरळ गच्चीवरून बाहेर! व्हीएव्ही (गरजेप्रमाणे हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा) घ्या, काच खाली आली की हवा पण कमी. पंख्याचा स्पीड ८०% केला तरी वीज जवळपास निम्मी होते.

मिनेसोटाची_मनी: आमच्याकडे हीट रिकव्हरी (बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब किंवा गारवा आत येणाऱ्या हवेला देणं) सर्रास असते, रनअराउंड कॉइल टाका ना, म्हणजे दोन्ही डक्टमध्ये कॉइल आणि त्यांच्यात फिरणारं पाणी!

डक्टवाला: ताई, तिकडे बाहेर उणे २० आणि आत २१, म्हणून परवडतं हो. पुण्यात पावसाळ्यात फरक दोन-तीन डिग्रीचा, खरा वैताग ओलाव्याचा आणि तो त्या कॉइलने जात नाही. व्हीलने (दोन्ही हवांमधून फिरणारं, ओलावाही शोषणारं चाक) जातो पण हूडची वाफ परत आत यायची भीती, तिथे नकोच.

पुणेकर_केमिस्ट: आणि पोरं काच उघडीच टाकून जातात त्याचं काय?

डक्टवाला: सेन्सरवाली काच मिळते, समोर कोणी नसलं की आपोआप खाली येते. महाग आहे. नाहीतर बझर लावा, कटकट नको म्हणून तरी बंद करतील.