जुन्या शिडांचा मांडव: गोव्यात करावा का?

मांडवीकाठ
एप्रिलच्या उन्हात रस्त्याकडेला मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छत्री असते, फार तर निळी ताडपत्री. गोव्यात शिडाच्या नौकांना तोटा नाही. वेरेंच्या आयएनएस मांडवी या नौदलाच्या तळावरून निघालेली नौदलाची शिडाची नौका 'तारिणी' २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. दोनापावलला हौशी मंडळीही नौका हाकतात. या नौकांची जुनी शिडं पंचायतींनी मागून घ्यावीत आणि बाजारात, तिठ्यावर, बस थांब्यावर मांडव घालावेत. ताणून ताणून शिडाचा आकार बिघडतो, मग ते वारा नीट धरत नाही. सावलीला आकाराचं काय? घट्ट विणीचं पांढरं पॉलिएस्टर, कोपऱ्यांना कापडाचे थर आणि धातूच्या कड्या आधीच बसवलेल्या. दोर ओवायचा आणि बांधायचं.

बार्देशकर
माझा ठाम विरोध. बायकांना पक्की शेड हवी, नळ हवा, मासळी कापायला ओटा हवा. शीड बांधलं की पंचायत म्हणणार, सोय केली! तात्पुरतं म्हणून मिळालेलं आपल्याकडे वर्षानुवर्षं हलत नाही. आणि पावसाचं काय? चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर कोसळतो. शिडाला मुळातच पोट असतं, त्यात पाणी साचणार. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळात छपरं उडाली, तिथे कापडाची काय कथा.

मांडवीकाठ
पावसाळ्यासाठी म्हणतच नाही मी. किनाऱ्यावरचे शॅक पावसाआधी उतरवतात ना, तसंच हे उतरवायचं. शेड मंजूर होईपर्यंत ऊन थांबतं का?

दोरवाला
शिडं शिवणं हा माझा धंदा, म्हणून लिहितो. उन्हाने आधी शिवण जाते, कापड नंतर. नागमोडी टाक्याचा दोरा कापडावर उघडा असतो, सगळं ऊन तोच खातो. अंगठ्याच्या नखाने टाका खरवडा. दोरा तुटला तर ते शीड नव्याने शिवल्याशिवाय माणसांवर बांधायचं नाही. दोन पदरांत फिल्म चिकटवलेली शर्यतीची शिडं घेऊच नका, उन्हात पदर सुटतात. चाळीस फुटी नौकेचं पुढचं मोठं शीड ३५-४० चौरस मीटरचं असू शकतं. वारा शिरला की ते खांब उपटेल, म्हणून खरा खर्च खांबांचा आणि पायाचा. माडाला तर बांधूच नका, माड डोलतो आणि कोपरा फाटतो. एक टोक चांगलं उंच ठेवा. खाली चूल नको, पॉलिएस्टर पेटलं की वितळून थेंब थेंब अंगावर पडतं.

तिसवाडीची
माझी आई मासळी विकते. तिच्या वतीने नाही, तिच्याशेजारी बसून जे पाहिलं त्यावरून सांगते. घट्ट कापड खाली बांधलं की वारा कोंडतो आणि मासळी लवकर उतरते. चुडत्यांच्या, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या, माटवात वारा खेळतो. दुसरं म्हणजे छत्री मिटून उठता येतं. खांब रोवले की कुणीतरी परवाना मागायला येणार, आणि मग जागाच जाणार. आधी विक्रीची जागा नावावर लिहून द्या. मग शीड बांधा नाहीतर चुडतं, आमची ना नाही.

मांडवीकाठ
जागेचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो आधी सुटायला हवा. पण म्हणून शिडं कचऱ्यात जाऊ द्यायची, हे मला पटत नाही. शाळेच्या पटांगणात परवान्याचा प्रश्न नाही, चूलही नाही. कापड उंच बांधलं की वाराही खेळेल. तिथून सुरुवात करू.

बार्देशकर
शाळेला माझा विरोध थोडा कमी आहे, संपलेला नाही. मेमध्ये शाळेला सुट्टी असते. वळवाचा वारा सुटला की ते शीड कोण उतरवणार? मुख्याध्यापक की पंचायत, ते ठरावात लिहा. नाव लिहिलेलं दिसलं की मी पाठिंबा देईन.