मदत हवी आहे: १६ इंची मॅगव्हील (अलॉयची चाकं) लावलेली स्विफ्ट पासिंगला चालेल का? (सोलापूर)

मंडळी, एमएच-१३ ची जुनी पेट्रोल स्विफ्ट आहे, सेकंड हँड घेतलेली. आधीच्या मालकाने हौसेने १६ इंची मॅगव्हील टाकलेत, टायर २०५/४५ आर १६. आता गाडीला १५ वर्षं पुरी होताहेत, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत दाखवायची. पास झाली की ५ वर्षं बघायला नको.

पण ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर साइज आहे १६५/८० आर १४. चाकं मडगार्डच्या बोटभर बाहेर येतात आणि मागे तिघं बसले की होटगी रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला खर्रर्र. आमचे काका म्हणतात, म्हशीला पैंजण घातलेत.

एजंटचं म्हणणं, "टेन्शन कशाला घेता ओ मालक, त्या दिवसापुरती साधी चाकं भाड्यानं लावू. नंतर परत हीच." मला हे पटत नाही. उद्या काही झालं आणि इन्शुरन्सवाल्याने नेमकं इथंच बोट ठेवलं तर? दुकानदार म्हणतो पक्कं बिल देतो, ते दाखवा. ही चाकं रीतसर मंजूर होतात का, एवढंच सांगा.

प्रतिसाद:
बिल म्हणजे मंजुरी नव्हे. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचा. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही. मॅगव्हील असण्याला हरकत नाही, भानगड साइजची आहे. मूळ टायरची उंची साधारण ६२० मिमी, तुमची ५९१. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी ९५ ने चाललेली असते. हे एकवेळ सोडा. मूळ टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. तुमच्या साइजमध्ये साधा टायर ८३ चा येतो, ४८७ किलो. टायरच्या बाजूवर आकडा असतो, बघा. आणि बाहेर आलेलं चाक इन्स्पेक्टरला लांबूनच दिसतं.

१४ इंची रिम शोधा. जुने टायर मिळाले तर नक्षी १.६ मिमीच्या खाली गेलेली नको.

धागाकर्ता:
बघितलं, ८३ च आहे. डिकीतली स्टेपनीही काढली, ती कंपनीची १४ ची निघाली! म्हणजे पंक्चर झालं असतं तर तीन चाकं एका उंचीची, चौथं वेगळंच. एजंटला नको म्हणून कळवलंय. कुणाकडे जुन्या स्विफ्टच्या १४ च्या चार स्टील रिम पडून असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येऊन घेऊन जातो. वाकलेल्या नकोत.