मदत हवी आहे: समुद्राकाठच्या घरात सॉफ्ट टॉइजना बुरशी लागते

खाडीकाठ: मुक्काम मालवण. लाकडी कपाटात सॉफ्ट टॉइज आहेत: टॅगसकट बीनी बेबीज, काही जेलीकॅट, दोन लबुबू (केसाळ बाहुल्या) आणि लाकडाचा कीस भरलेलं, मोहेअरचं (अंगोरा शेळीच्या केसांचं) जुनं अस्वल, स्टाइफ या जर्मन कंपनीचं. जुलै लागला की पांढरे ठिपके आणि कुबट वास. झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून पाहिल्या, उपयोग शून्य. डांबरगोळ्या ठेवू का? मशीनमध्ये धुतलं तर?

चिंधी_आणि_दोरा: डांबरगोळ्या नकोच. बुरशी त्यांनी जात नाही, उलट वाफेने प्लास्टिकचे डोळे आणि टॅगची कव्हरं चिकट होतात. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं असेल तर आधी चार बोटं पुढे ओढा.

ठिपके घराबाहेर, मास्क लावून, मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलंत तर बुरशी आत चोळली जाईल. जेलीकॅट उशीच्या अभ्र्यात घालून थंड पाण्यात, हलक्या सायकलवर धुवा. ड्रायर नको, गरम हवेने कृत्रिम लव गुठळते. बीनीचा कागदी टॅग भिजला की संग्राहकाच्या लेखी किंमत संपली, म्हणून तिथे फक्त कोरडा ब्रश. अस्वल तर बुडवूच नका. आतला कीस फुगतो आणि आतल्या आत कुजतो.

दमट_हवा: पुड्या फसल्या त्याचं कारण साधं आहे. 40 लिटरच्या डब्यातल्या पावसाळी हवेत जेमतेम एक ग्रॅम पाणी असतं, तेवढं 5 ग्रॅम जेल सहज ओढतं. खरं पाणी अस्वलाच्या पोटात. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ धरत नाही; मोहेअर आणि लाकूड भरपूर धरतात. अर्ध्या किलोच्या अस्वलाला दोनशे ग्रॅम जेल तरी लागेल, आणि तेही आधी वाळवून.

बुरशी साधारण 65-70 टक्के आर्द्रतेच्या वर वाढते. छोटा आर्द्रतामापक डब्यातच ठेवा, काटा 50च्या आसपास हवा. रबरी कडेचे डबे मे महिन्यात भरून बंद करावेत. आता भरायचेच तर बंद खोलीत एसी ड्राय मोडवर ठेवून आधी दोन-तीन दिवस वाळवा. कपाटात बल्ब लावायची जुनी युक्ती एलईडीने साधत नाही, कारण तो पुरेसा तापत नाही. आणि जुना पिवळा बल्ब लवेजवळ ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

चिंधी_आणि_दोरा: लबुबूचा चेहरा व्हिनाइलचा, त्याला गडद लव टेकली तर रंग उतरतो. प्रत्येक वेगळं, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. स्टाइफच्या कानातलं बटण (ही खूण 1904पासूनची) खाऱ्या हवेने काळवंडतं. कोरड्या फडक्याने पुसा, पॉलिश लावू नका, मोहेअरवर डाग पडतो. कसर दिसली तर अस्वल हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर दव धरेल. बुरशी मात्र थंडीने मरत नाही.

खाडीकाठ: जेल पुन्हा वापरता येतं का? ओव्हन नाही, तवा चालेल?

दमट_हवा: येतं. जेलचे नारिंगी मणी ओलावा धरून हिरवे झाले की 110-120 अंशांवर दोन तास. तव्यावर तळाचे मणी जास्त तापून रंग जळतो, मग ओले-कोरडे कळत नाही. तवाच असेल तर आच अगदी मंद, सारखं हलवत राहा, आणि तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नका.