भीती वाटली तरी निघालेला हनन्या

देवाच्या सेवेसाठी बोलावणं आलंय असं वाटतं, पण मन घाबरतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर इथं कोणी म्हटलंय, 'भीती वाटते म्हणजे पाचारण (देवाचं बोलावणं) खरं नसावं'; हे मत काही पटलं नाही. बायबलमध्ये उलटंच दिसतं. देवानं बोलावल्यावर मोशे तर 'दुसऱ्या कोणाला तरी पाठव' म्हणण्यापर्यंत आला. गिदोन मिद्यानी शत्रूंच्या धास्तीनं द्राक्षकुंडात गहू झोडत होता, आणि देवदूत त्याला बलवान वीर म्हणतो!

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो दिमिष्कातला (दमास्कसचा) हनन्या (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९). प्रवचनांत सगळा भर शौलावर (पुढचा प्रेषित पौल), हा बिचारा ओझरता येतो. प्रभूचं नाव घेणाऱ्यांना बांधून नेण्याचा अधिकार घेऊन जो शौल आला होता, त्याच्याच भेटीला जा, असं प्रभूनं हनन्याला सांगितलं. हनन्यानं आढेवेढे न घेता भीती सरळ बोलून दाखवली: या माणसानं यरुशलेमेत काय केलंय ते मी ऐकलंय. उत्तर आलं, 'जा'. तो गेला, आंधळ्या झालेल्या शौलावर हात ठेवले आणि आधी म्हणाला, 'शौल भाऊ'. पुढे पौलानं आपल्या साक्षीत त्याचा उल्लेख केला, तेवढाच.

तुम्ही लिहिलंय, 'मन घाबरतं'. नेमकं कशाला, हे प्रभूला असं स्पष्ट सांगून पाहिलंत का?