जुनी पेट्रोमॅक्स, पंपाचा दांडा आपोआप वर येतोय

घाटावरचा:
मंडळी, गावच्या माळ्यावर जुनी गॅसबत्ती सापडली, टाकीवर पेट्रोमॅक्स ८२९ आणि ५०० सीपी (कँडलपॉवर, म्हणजे उजेडाचं माप) कोरलंय. पंप मारला की दांडा आपोआप वर येतो आणि थोड्या वेळाने मीटरचा काटा शून्यावर. वायसर बदलू का? आणि बफिंग करून चकाचक करू का आधी, गणपतीत लावायचीय.

बत्तीवाले_काका:
वायसर नाही रे, दांड्याच्या टोकाचं ते चामडं सुकलं असतं तर पंप मारताना हाताला जोरच लागला नसता. दांडा वर येतोय म्हणजे टाकीतली हवा उलटी पंपात शिरतेय. पंपाच्या नळीत अगदी तळाला व्हॉल्व्ह असतो त्यातलं इवलंसं रबर कडक झालंय, जुन्यात बूच असायचं. तो काढायला लांब पाना लागतो, पकडीने झोंबाझोंबी केलीस तर पितळ चिरतं मग टाकीच बाद. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल टाकून ठेव. चामडं पण एरंडेलात भिजवून कडा बोटाने बाहेर फाकव. मग रॉकेल न भरता हवा भरून टाकी बादलीत बुडव, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. बफिंगचं नाव काढू नको, पितळेवर निकेलचा मुलामा असतो तो जाईल!

तळकोकण:
काकांशी सहमत, पण मुलामा आधीच उडाला असेल तर चिंच लावून घास की, काय बिघडतंय. आमच्याकडे दशावताराला अशाच बत्त्या असायच्या, माणसं पेटवताना घाई करायची नाहीत. स्पिरिट पूर्ण जळू दे, नळी तापली नाही तर रॉकेलची वाफ होत नाही आणि पिवळा भडका उडतो. तसं झालं तर लगेच हवा सोडायची. पेट्रोल चुकूनही नको.

घाटावरचा:
धन्यवाद! टाकीला बारीक चीर निघाली तर डाग मारून चालेल?

बत्तीवाले_काका:
घरी अजिबात नको, आत रॉकेलची वाफ राहते, आगीजवळ नेली तर फुटेल. चीर असेल तर ती शोभेला ठेव आणि दुसरी टाकी शोध. मेंटल, म्हणजे उजेड देणारी जाळीची पिशवी, बाहेर उघड्यावर जाळ, जुन्यांत थोरियम हा किरणोत्सारी धातू असतो, ती राख नाकात जायला नको.