अमारॉक, क्लेमेंटाइन, स्ट्रॉबेरी... नक्की कोण कुणाचं?

कानसेन: लिनक्सवर क्लेमेंटाइन हा म्युझिक प्लेअर टाकायला गेलो तर सगळे म्हणतायत स्ट्रॉबेरी घे, कुणी म्हणतं मूळ अमारॉकच. काय भानगड आहे?

टर्मिनलवाला: अमारॉक २००३ पासूनचा, केडीईवाल्यांचा (लिनक्ससाठी डेस्कटॉप, अ‍ॅप्स बनवणारा गट). त्याच्या १.४ व्हर्जनवर लोक फिदा होते, मग डिसेंबर २००८ ला २.० आलं, क्यूटी ४ वर (क्यूटी म्हणजे अ‍ॅपच्या खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी), इंटरफेस पार बदललेला आणि बऱ्याच जुन्या सोयी गायब, लोक जाम भडकले. मग १.४ चा साधा थाट ठेवून काहींनी २०१० मध्ये क्लेमेंटाइन काढला, आणि गंमत म्हणजे तोही क्यूटी ४ वरच, म्हणजे राग क्यूटीवर नव्हताच, डिझाइनवर होता.

जुनीकॅसेट: +१. क्लेमेंटाइनचं १.३.१ आलं २०१६ ला, मग स्टेबल रिलीज थंडावले. २०१८ मध्ये त्याचाच फोर्क, म्हणजे त्याचाच कोड घेऊन वेगळा काढलेला प्लेअर, स्ट्रॉबेरी.

कानसेन: म्हणजे अमारॉक मेला?

टर्मिनलवाला: नाही हो, २०१८ च्या २.९ नंतर सामसूम होती खरी, पण एप्रिल २०२४ ला ३.० आलं, क्यूटी ५ वर. तरी गाण्यांचं मोठं कलेक्शन, टॅगिंग (फाइलमध्ये गायक, अल्बम वगैरे माहिती भरणं) असेल तर माझं मत स्ट्रॉबेरीलाच.